हिवाळ्यात पोसता येईल तेवढेच : टोर्बेल गावाची पाचशे वर्षांची शिस्त

स्वित्झर्लंडच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात झेरमॅट हे नाव बहुधा असतेच. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील फिस्प स्थानकावर गाडी बदलली की डोंगरी आगगाडी दक्षिणेकडील अरुंद दरीत शिरते. प्रवाशांचे डोळे मॅटरहॉर्नच्या शिखराकडे लागलेले असतात. वाटेत स्टाल्डेन नावाचे छोटे स्थानक येते. तेथे दोन नद्यांचा संगम आहे. गाडी क्षणभर थांबते आणि पुढे निघते. त्या स्थानकाच्या उजव्या हाताला, सुमारे सातशे मीटर उंचीवर, उतारावर एक गाव वसलेले आहे. त्याचे नाव टोर्बेल. तेथील बोलीत त्याला ‘टेर्बिल’ म्हणतात. लोकसंख्या जेमतेम पाचशे. तेथे उतरणारे पर्यटक थोडे. तरीही जगातील अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हे गाव परिचित आहे. कारण सामाईक मालमत्ता पिढ्यान् पिढ्या कशी टिकवावी, या प्रश्नाचे एक लेखी, आकड्यात मांडलेले आणि शतकानुशतके पाळलेले उत्तर या गावाने दिले आहे.

एकत्र कुटुंबाची पेढी, भावाभावांची भागीदारी, समाजाची धर्मशाळा किंवा विश्वस्त संस्था ज्यांनी चालवली आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही. म्हणूनच या दूरच्या गावाची ओळख आपण थोडी सविस्तर करून घेऊ.

उभ्या उतारावरचे गाव

टोर्बेल हे वाले नावाच्या कॅन्टनमध्ये, म्हणजे स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येकडील प्रांतात आहे. या कॅन्टनच्या पश्चिम भागात फ्रेंच आणि पूर्व भागात जर्मन बोलली जाते. टोर्बेल जर्मनभाषक भागात येते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. आपले महाबळेश्वर याहून खाली आहे आणि कळसूबाईचे शिखर याहून थोडेसेच वर. पण टोर्बेलकरांची जमीन गावापाशी संपत नाही. गावाच्या हद्दीची सुरुवात खाली दरीच्या तळाजवळ होते आणि शेवट जवळजवळ ३००० मीटर उंचीवरील खडकाळ कड्यांत होतो.

या उभ्या पट्ट्यात प्रत्येक उंचीला तिचे काम नेमून दिलेले आहे. अगदी खाली, उबदार भागात द्राक्षांचे मळे. त्यावर गावाभोवती राय नावाच्या धान्याची शेते, भाजीच्या वाफ्यांचे तुकडे आणि गवताची कुरणे. त्याच्या वर सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य. अरण्यरेषेच्या आसपास, २००० मीटरच्या वर, उन्हाळी चराईची विस्तीर्ण माळराने. या उंचावरील कुरणाला तेथील लोक ‘आल्प’ म्हणतात. आपण ज्या पर्वतराजीला आल्प्स म्हणतो, त्याच नावाचा हा शब्द गुराख्यांच्या तोंडी मात्र पर्वताचा नव्हे, तर चराईच्या रानाचा वाचक आहे.

बर्फाच्छादित शिखरांच्या या देशात पाण्याची टंचाई असेल, अशी कल्पना आपण करणार नाही. परंतु दोन्ही बाजूंची उत्तुंग शिखरे ढगांना अडवतात आणि स्टाल्डेनच्या परिसरात वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटरच पाऊस पडतो. हा स्वित्झर्लंडचा सर्वांत कोरडा भाग आहे. सोलापूर-अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. उतार तीव्र, पाऊस कमी आणि हिवाळा दीर्घ : निसर्गाने टोर्बेलला दिलेले भांडवल एवढेच.

सामाईक कुरणाचा पेच

या भांडवलावर जगायचे, तर गाईवाचून पर्याय नव्हता. गाईपासून दूध, चीज आणि शेतासाठी खत मिळे. उन्हाळ्यात गावाजवळची कुरणे गवत वाळवून साठवण्यासाठी राखून ठेवावी लागत. म्हणून जूनच्या सुमारास गुरे वर आल्पवर जात आणि सप्टेंबरमध्ये खाली येत. वर काही मोजके गुराखी राहत, सर्वांच्या गाई सांभाळत आणि दुधाचे चीज करत. गावातले बाकीचे लोक खाली उतारावर विळ्याने गवत कापून, वाळवून, हिवाळ्यासाठी गोठ्याच्या माळ्यावर भरत.

शेते, बागा आणि गवताची कुरणे खासगी मालकीची होती. आल्प मात्र सर्वांचे, म्हणजे आपल्या भाषेत गावाचे गायरान होते. सामाईक गायरानाचा पेच व्यवहार जाणणाऱ्या माणसाच्या लगेच ध्यानात येतो. मी एक गाय जास्त सोडली, तर तिचे दूध माझे एकट्याचे; गवत कमी झाल्याचा तोटा मात्र साऱ्या गावात विभागला जातो. प्रत्येकाने असाच हिशेब केला, तर नफा सर्वांना दिसतो आणि गायरान मात्र उजाड होते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला आणि तो लेख जगभर गाजला. सामाईक संपत्तीचा शेवट नाशातच होतो, ती एकतर सरकारच्या ताब्यात द्यावी किंवा खासगी मालकीत वाटून टाकावी, असे मत त्यानंतर रूढ होत गेले.

टोर्बेलच्या शेतकऱ्यांनी हा पेच त्याआधी साडेचारशे वर्षे ओळखला होता.

१५१७ चा नियम

या गावातील जमिनीच्या व्यवहारांची लेखी कागदपत्रे १२२४ पासूनची आहेत. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी एका करारावर सह्या करून आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी रीतसर मंडळ स्थापन केले. १५०७ च्या एका दस्तऐवजात सामाईक जमिनींच्या सीमा नोंदवलेल्या आहेत. आणि १५१७ मध्ये तो प्रसिद्ध नियम लिहिला गेला : कोणत्याही गावकऱ्याने हिवाळ्यात जितक्या गाई तो पोसू शकतो, त्याहून जास्त गाई आल्पवर पाठवू नयेत.

नियम एका ओळीचा आहे, पण त्यातील व्यवहारज्ञान खोल आहे. ‘बेताने चारा’, ‘लोभ करू नका’ अशी उपदेशाची भाषा त्यात नाही. मर्यादा मोजता येण्याजोगी आहे. कोणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या, हे लहानशा गावात कोणापासूनही लपत नाही. हिवाळ्यात गाय पोसायची, तर स्वतःच्या कुरणातून गवत काढून साठवले पाहिजे. म्हणजेच सामाईक संपत्तीतील हक्क खासगी कष्टाशी बांधला गेला. वसंतात बाजारातून स्वस्तात दहा गाई घ्यायच्या, उन्हाळाभर सार्वजनिक कुरणावर फुकट चारून शरदात चढ्या भावाने विकायच्या, ही वाट या एका वाक्याने बंद झाली. ज्याने हिवाळ्याचा भार उचलला, त्यालाच उन्हाळ्याचा लाभ.

नियम मोडणाऱ्याला मोठा दंड होता. तो वसूल करण्यासाठी ‘गेवाल्टहाबर’ नावाचा गावचा अधिकारी नेमलेला असे आणि वसूल झालेल्या दंडाची निम्मी रक्कम त्याची स्वतःची असे. देखरेख करणाऱ्याला देखरेखीचा मोबदला मिळाला नाही, तर तो ओळखीपाळखीकडे पाहून डोळेझाक करील, हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. शिवाय आल्पवर गेलेल्या गाईंची मोजणी लगेच होई. कारण हंगामाच्या शेवटी कोणत्या कुटुंबाला किती चीज मिळणार, हे त्याच मोजणीवर ठरे. त्यामुळे आकडा खरा असावा, यात प्रत्येकाचेच हित होते.

परिग्रहाचे परिमाण ठरवणे ही कल्पना आपल्या वाचकांना व्रताच्या रूपाने परिचित आहे. टोर्बेलचे कॅथलिक शेतकरी त्याकडे व्रत म्हणून पाहत नव्हते. त्यांच्यासाठी तो जगण्याचा कायदा होता. पण मर्यादा आधी ठरवावी, ती मोजता यावी आणि ती सर्वांसमोर असावी, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच आहे.

लाकडी खतावणी

वाले प्रांतातील हिशेबाची पद्धत व्यापारी वाचकांना विशेष आवडेल. ज्या काळी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या काळी या डोंगरी गावांत हक्कांची नोंद लाकडाच्या पट्ट्यांवर होत असे. या पट्टीला ‘टेस्सेल’ म्हणत. प्रत्येक कुटुंबाचे एक ठरलेले चिन्ह असे : एखादी फुली, कोन, तिरप्या रेषांची जोडी. पट्टीवर ते चिन्ह कोरायचे आणि त्यापुढे हक्काच्या प्रमाणात खाचा पाडायच्या. आल्पवर किती गाईंचा हक्क आहे, कालव्याचे पाणी किती वेळ घ्यायचे आहे, हे त्या खाचांवरून कोणालाही वाचता येई. काही गावांत तर सामाईक निधीतून घेतलेल्या कर्जाची नोंदही अशा पट्ट्यांवर असे.

जमा-नावे लिहिण्याची आपली लाल कापडाची वही आणि ही खाचांची पट्टी यांचे प्रयोजन एकच : शब्द विसरला जातो, नोंद विसरली जात नाही.

पाणी, लाकूड आणि वाट

कुरणाखेरीज आणखी चार गोष्टी टोर्बेलमध्ये सामाईक होत्या : जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि रस्ते.

उंचावरील ओढ्यांचे पाणी शेतांपर्यंत आणण्यासाठी वालेच्या लोकांनी डोंगरकड्यांवरून मैलोन् मैल पाट काढले. जर्मनभाषक भागात त्यांना ‘सुओने’ म्हणतात. जेथे कडा सरळ तुटलेला असे, तेथे पोकळ केलेले लाकडी ओंडके खडकाला टांगून त्यातून पाणी नेत. या कामात माणसे दरीत कोसळण्याचा धोका असे. पाणी आल्यावर त्याची पाळी ठरलेली असे. खानदेशातील फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाळी, पाटकरी आणि सामुदायिक दुरुस्ती हे सारे ओळखीचे वाटेल. २०२३ मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंडसह युरोपातील सात देशांची पारंपरिक सिंचनपद्धती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. आल्पवरील उन्हाळी चराईची स्विस परंपराही त्याच वर्षी त्या यादीत आली.

जंगलातील लाकडाची वाटणीही तितकीच विचारपूर्वक होती. तोडायची झाडे गावचे अधिकारी आधी खुणा करून ठरवत. कुटुंबांचे गट पाडले जात आणि कोणत्या गटाला कोणती झाडे, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. खूण नसलेल्या झाडाला हात लावायचा नाही. उतारावरचे जंगल हे गावाचे हिमप्रपातापासूनचे संरक्षणही असते. त्यामुळे येथे एका झाडाची चोरी ही साऱ्या गावाच्या सुरक्षिततेशी केलेली प्रतारणा ठरते.

वर्षातून काही दिवस दुरुस्तीचे काम असे. हिमप्रपाताने मोडलेली कुंपणे आणि झोपड्या पुन्हा उभारणे, वाटा नीट करणे, शेणखत कुरणावर पसरणे. ज्याच्या गाई अधिक, त्याच्यावर श्रमाचा किंवा शुल्काचा वाटा अधिक. लाभाच्या प्रमाणात भार, हे भागीदारीचे साधे तत्त्व येथे कटाक्षाने पाळले गेले.

घर, भाकरी आणि वाटणी

टोर्बेलची जुनी घरे लार्च वृक्षाच्या जाड फळ्यांची आहेत. उन्हाने ते लाकूड काळपट तपकिरी होते आणि शतके टिकते. छपरावर दगडी पाट्या. धान्याचे कोठार मात्र जमिनीला टेकत नाही. ते लाकडी खांबांवर उभे असते आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर ताटासारखा सपाट, गोल दगड बसवलेला असतो. उंदीर खांबावर चढतो, पण त्या दगडाची पसरट कडा त्याला ओलांडता येत नाही. ना सापळा, ना विष. केवळ बांधणीच्या युक्तीने धान्य सुरक्षित राहते.

रायचे पीठ आंबवून केलेली काळपट, जड भाकरी हे येथील मुख्य अन्न. गावाची भट्टी सामाईक. भट्टी तापवायला लाकूड फार लागते, म्हणून वर्षातून मोजक्याच वेळा भट्टी पेटवून कुटुंबे महिनोन् महिने पुरेल एवढी भाकरी भाजून ठेवत. वाळून कठीण झालेली ती भाकरी फोडायला भक्कम सुरी लागे. जोडीला चीज, दूध, बटाटे आणि हिवाळ्यासाठी वाळवलेले मांस. चीज जमवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरण्याची तेथील परंपरा आहे, हे त्या भागात प्रवास करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

वारसाहक्काच्या बाबतीत टोर्बेलची रीत त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. आईवडिलांची मालमत्ता मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाई. परिणामी घराचा एकेक मजला एकेका भावंडाचा, कोठारातील एकेक कप्पा वेगळ्या मालकाचा, अशी व्यवस्था आली. भावंडे जाणती होईपर्यंत वाटणी करायची नाही, हा संकेत होता. आल्पचे मात्र तुकडे कधीच पडले नाहीत. जे तुकड्यांत फायद्याचे, ते वाटावे. जे अखंड असतानाच उपयोगी, ते सामाईक ठेवावे. हा विवेक पाचशे वर्षे टिकला.

नियमाची दुसरी बाजू

हे चित्र रम्य वाटले, तरी त्याची किंमतही पाहिली पाहिजे. १४८३ च्या करारात परक्यांविरुद्ध स्पष्ट कलम होते. बाहेरच्या माणसाने टोर्बेलमध्ये जमीन विकत घेतली, तरी त्याला आल्पवर गाय सोडण्याचा किंवा लाकूड तोडण्याचा हक्क मिळत नसे. कोणाला सामावून घ्यायचे, हे जुने हक्कदारच ठरवत. व्यापारासाठी परगावी जाऊन वसलेल्या समाजाला अशा बंद दरवाजाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आतल्या लोकांनाही मर्यादेचा भार सोसावा लागला. संसाराला पुरेल एवढी जमीन हाती येईपर्यंत लग्न लांबत असे. अनेकजण आजन्म अविवाहित राहत, अनेकांना देशांतर करावे लागे. एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या वाढू लागली, तेव्हा बटाट्याच्या पिकाने वाढत्या तोंडांना आधार दिला.

स्त्रियांना जमिनीत वाटा होता, पण मतदानात नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये. त्याची पहिली चाहूल मात्र याच परिसरात लागली. टोर्बेलवरच्या मूसआल्प खिंडीपलीकडील डोंगरउतारावर उंटरबेख नावाचे गाव आहे. तेथील पंचायतीने १९५७ च्या मार्च महिन्यात एका राष्ट्रीय सार्वमतात स्त्रियांना मत टाकू दिले. ती मते मोजली गेली नाहीत, पण देशातील स्त्रियांनी मतपेटीत मत टाकण्याचा तो प्रारंभ ठरला.

अभ्यासकांचे लक्ष

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९७० च्या दशकात टोर्बेलचा सखोल अभ्यास केला. गावातील जमिनीचे दस्तऐवज आणि चर्चमधील जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ‘बॅलन्सिंग ऑन ॲन आल्प’ हा त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा, की सामाईक मालकी ही मागासपणाची खूण नव्हे. टोर्बेलकरांना खासगी आणि सामाईक अशा दोन्ही पद्धतींचे गुणदोष पुरेपूर माहीत होते आणि जमिनीचा प्रकार पाहून त्यांनी जाणीवपूर्वक निवड केली होती.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात टोर्बेलचे उदाहरण जपान, स्पेन आणि फिलिपिन्समधील अशाच व्यवस्थांशेजारी ठेवले. हक्कदार कोण हे स्पष्ट असावे, नियम स्थानिक परिस्थितीला साजेसे असावेत, ते ठरवण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग असावा, देखरेख असावी, दंड अपराधाच्या प्रमाणात वाढत जावा, तंटे स्वस्तात आणि लवकर मिटावेत, असे सूत्र त्यांनी मांडले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आजचे टोर्बेल

विसाव्या शतकात फिस्पमध्ये रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला, डोंगरांत धरणे बांधली गेली, गावापर्यंत मोटाररस्ता आला. टोर्बेलचे पुरुष दिवसा मजुरी किंवा कारखान्यातील पाळी करून उरलेल्या वेळेत गवत कापू लागले. पुढच्या पिढीने गाई ठेवणेच कमी केले. २००७ मध्ये लोट्शबर्गचा नवा रेल्वे बोगदा सुरू झाल्यावर फिस्पहून राजधानी बर्न सुमारे तासाभराच्या अंतरावर आली. आज मूसआल्पवर उन्हाळ्यात गाईंइतकेच फिरस्तेही दिसतात आणि हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा खेळ चालतो. गावातील लोकांनी एक संस्था काढून जुनी पाणचक्की, भट्टी आणि कोठारे जपली आहेत.

येथेच या गावापुढचा खरा प्रश्न उभा राहतो. पाचशे वर्षांपूर्वीचा नियम अतिवापर रोखण्यासाठी होता. आज संकट उलटे आहे. आल्प्सच्या अनेक भागांत चराई आणि कापणी थांबल्यामुळे झुडपे व झाडे जुन्या कुरणांवर पसरत आहेत. पाट दुरुस्त करायला हात कमी पडतात. संघसरकार डोंगरी शेतीला आणि उन्हाळी चराईला अनुदान देते, म्हणून ती तग धरून आहे. जास्त गाई आणणाऱ्याला दंड करता येतो. कामाला न येणाऱ्या, शहरात स्थायिक झालेल्या नातवाला कोणता दंड करणार?

हा प्रश्न टोर्बेलपुरता नाही. आजोबांनी उभारलेली पेढी, समाजाने बांधलेले वसतिगृह, पांजरपोळ, वाचनालय, या सर्वांची आरंभीची चिंता गैरवापराची असते. म्हणून घटना लिहिली जाते, हिशेब ठेवले जातात, लेखापरीक्षण होते. ते आवश्यकच आहे आणि प्रेमाच्या माणसांतही नोंद व मोजणी असावी, हे टोर्बेल शिकवते. पण दोन-तीन पिढ्यांनंतर वही चोख असते आणि सभेला येणारी माणसे विरळ होतात. त्या डोंगरी गावाने हक्कासोबत दुरुस्तीचा दिवसही प्रत्येकाच्या नावे लावला होता. आपल्या सामाईक संस्थांच्या घटनांत हक्कांची यादी बहुधा सापडते. दुरुस्तीच्या दिवसाचे कलम आहे का, हे प्रत्येकाने एकदा उघडून पाहावे.